थंडीची माशी

टेलरकाका गळ्यात तुळशीची माळ घालून माशांसाठी गळ बांधायचे, आणि वयाची साठी उलटेपर्यंत त्यांनी एकही मासा धरला नव्हता. जळगाव जामोदला नवा आलेला माणूस हे ऐकून हसायचा. मीही हसले होते. "काका, हे म्हणजे न्हाव्यानं टकलासाठी कंगवा ठेवण्यासारखं झालं," असं त्यांच्या तोंडावर म्हणालेही होते. माझी जीभ तेव्हा फार तिखट होती, आणि भाडेकरूनं घरमालकाशी जरा जपून बोलावं हेही मला कळत नव्हतं. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तोंडातला दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "बाई, मी तर लेडीजचे ब्लाउजही शिवतो. मंग काय ते घालतो काय?"

मी मूळची सुलतानपूरची, नवरा दुसरबीडला नोकरीला, आणि मला शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. टेलरकाकांच्या दुकानामागे त्यांचं घर होतं आणि घराला लागून एक सुटी खोली. ती मला मिळाली. घरात काका आणि काकू दोघंच. मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. सुट्टीला सुट्टी जोडून मी गावी जायचे, बाकीचे दिवस त्या दोघांच्या आसऱ्यानं काढायचे. सहा वर्षं राहिले.

काकांना गळ बांधायचा नाद लावला तो एका इंजिनियरनं. डोंगराच्या पायथ्याला धरणाचं काम चालू असताना तो हिमाचलकडून इथं नोकरीला आला होता. त्याच्या मुलखात म्हणे बर्फाच्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा राहतो, आणि तो पकडायला गळाला गांडूळ लावत नाहीत. दोरा आणि पिसं गुंडाळून गळाचीच माशी करतात. अशा माश्यांची डबी त्यानं बरोबर आणली होती. ती संपत आली तेव्हा शेवटची माशी घेऊन तो काकांच्या दुकानात आला आणि म्हणाला, "मास्टर, ऐसी बना दोगे?" काकांनी ती भिंगातून पाहिली, उलटीसुलटी केली, मग ब्लेडनं तिचा एकेक वेढा सोडवला. इंजिनियरचा जीव वरखाली झाला. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला सहा माश्या बांधून दिल्या. तो इथं होता तोवर काका त्याला माश्या बांधून देत राहिले. जाताना तो आपली गळाची काठी आणि दोरी गुंडाळायचं चाक काकांपाशी ठेवून गेला. मासा धरायचा प्रश्न नव्हता, माळकरी माणूस. पण बांधायचं त्यांनी सोडलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की एखादी माशी बांधायची, डबीत टाकायची.

बांधायची रीत त्यांची स्वतःची होती. शिलाई मशीनचा जो पाय कापड दाबून धरतो, त्याच्याखाली ते गळाचा वाकडा भाग दाबून ठेवायचे. सरळ दांडी पुढे येते. तिच्यावर मेण लावलेला तपकिरी दोरा गुंडाळायचा. मग पंपाच्या जळालेल्या मोटारी भरणाऱ्याच्या दुकानातून आणलेली केसाएवढी तांब्याची तार, तीन-चार वेढे, म्हणजे माशी बुडते. वर राखाडी लोकरीचं पातळ अंग. आणि तोंडापाशी कोंबडीचं मऊ पीस, दोनच वेढे, जास्त नाही. कोंबडीला काका हात लावत नसत, पण गल्लीत पडलेलं पीस त्यांच्या नजरेतून सुटत नसे. रस्त्यावरून चालता चालता मध्येच वाकायचे आणि काहीतरी खिशात टाकायचे. "हे थंडीच्या दिवसाची माशी हाये," ते सांगायचे. "थंडीत मासा सुस्त असते. त्याले मोठं, चमकदार दिलं तर तो ढुंकूनही पाहत नाई. बारीक पाह्यजे, मळकं पाह्यजे, आन् तोंडापाशी हळूच गेलं पाह्यजे." हे सगळं इंजिनियरचं पाठ केलेलं ज्ञान होतं. पण सांगताना असं सांगायचे की वाटावं, यांचा जन्म पाण्यात गेला.

त्यांच्या कामात खोट काढणं अवघड होतं. कोणाचाही नवा ड्रेस दिसला की आधी बाही धरून उलटी करायचे. "शिलाई उलट्या बाजूनं पाहाव बाई. सुलट तर सगळ्याचीच चांगली दिसते." माझ्या बहिणीनं पुण्याहून घेतलेला महागाचा कुर्ता त्यांनी असाच उलटा केला आणि फक्त "च्" केलं. बहीण अजून तो प्रसंग विसरलेली नाही.

काकू मात्र त्यांना कशात पास करायच्या नाहीत. काकू उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारा. पूर्णेकाठच्या गावातल्या. माहेरी ताटात मासोळी रोजची. लग्न होऊन माळकऱ्याच्या घरात आल्या त्या दिवसापासून सोडली. चाळीस वर्षांत त्याबद्दल तक्रार केली नाही, पण इतर बाबतीत सगळं उट्टं काढलं. काकांनी चहा केला तर पाणचट, भाजी आणली तर जून, खिळा ठोकला तर तिरपा. "तुमाले माप फक्त दुसऱ्याच्या बायकायचं कळते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काका हसून मान खाली घालायचे आणि मशीन चालू करायचे.

मी तिथं राहायला गेल्यापासून पाचव्या वर्षी पावसाळ्यात काकूंना घास गिळायला त्रास होऊ लागला. आधी भाकरी अडकायची, मग भात. अकोल्याला तपासणी झाली. अन्ननलिकेत गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि काकूंना सांगितलं की अंगात ताकद यायला पाहिजे, अंडी खा, मासे खा, रस्सा प्या. काकूंनी अंड्याला नाक मुरडलं. मासे म्हटल्यावर मात्र त्यांचे डोळे जरा हलले. काकांनी ते पाहिलं. बाजारातून कोणाकडून तरी मासे मागवले, तर ते बर्फातले, बाहेरून ट्रकनं आलेले. काकूंनी वासच घेऊन ताट सरकवलं. "हे मेलं किती दिवसाचं हाये काय माहीत. मासोळी पाण्यातून निघाली का चुलीवर गेली पाह्यजे." थंडी पडायला लागली होती. मासे तळाला जातात, जाळ्यात फारसं काही येत नाही, धरणावरचे लोक रिकाम्या हातानं परतत होते.

कार्तिक लागला त्या दिवशी पहाटे काका नेहमीप्रमाणे काकड्याला गेले. परत आले, आंघोळ केलेलीच होती, पुन्हा केली. देव्हाऱ्यासमोर बसले आणि गळ्यातली माळ काढून एका वाटीत ठेवली. वाटीवर दुसरी वाटी पालथी घातली. मी दारात उभी होते. काका म्हणाले, "माळ घालून जीव घेता येत नाई. आन् तिले उपाशी ठेवताही येत नाई." वडिलांनी सोळाव्या वर्षी घातलेली माळ होती ती.

गावात दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सर्वांना माहीत झाली. देवळात हरिपाठाला काका पहिल्या ओळीत टाळ घेऊन उभे राहायचे. आता ते आपण होऊन मागे, चपलांपाशी उभे राहू लागले. कोणी त्यांना मागे जा म्हणालं नाही. पण पुढे या असंही कोणी म्हणालं नाही. मला त्या सगळ्या माणसांचा राग आला, अजूनही येतो.

मासे मारणं मात्र त्यांना जमेना. बारा दिवस रोज पहाटे सायकलवर धरणावर जायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. कारण मला नंतर समजलं. डबीतल्या जुन्या माश्या काकूंसाठी नकोत म्हणून त्यांनी नव्या बांधल्या होत्या, आणि त्यांत साधी एकही नव्हती. ब्लाउजच्या काठाची जर, लाल रेशीम, कोंबड्याच्या शेपटीचं हिरवं झळकणारं पीस. एकेक माशी दागिन्यासारखी. इतकी वर्षं लोकांना 'मळकं पाह्यजे' सांगणारा माणूस, पण स्वतःच्या बायकोसाठी त्याच्या हातून मळकं काही निघेना. शेवटी काकूंनी डबी मागवली, आत पाहिलं आणि खाटेवरून त्या सुकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मासोळीचं काय लगन लावाचं हाये?" मग उशाचा जुना राखाडी स्वेटर पुढे केला. "हे घ्या. याच्यापेक्षा मळकं या घरात काई नाई." काकांनी त्याच्या बाहीची लोकर उसवली आणि त्याच दुपारी चार माश्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. धरणावर गारठा असा की कानाच्या पाळ्या दुखत होत्या. काकांनी कानटोपी घातली होती, गळा मोकळा. काठीनं माशी दूर टाकली आणि ती बुडेपर्यंत वाट पाहू लागले. किती वेळ बुडू द्यायची याचं माप त्यांच्याकडे घड्याळाचं नव्हतं. ओठ हलत होते. सात वेळा रामकृष्णहरी म्हणून झालं की दोरी बोटाबोटानं ओढायची, थांबायचं, पुन्हा बोटभर ओढायची. ज्याची माळ काढली त्याच्याच नावानं मोजत होते, आणि हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. तासाभरानं दोरी जडावली. वीतभर, चांदीच्या अंगाची मासोळी होती. एका दमात सुईत दोरा ओवणाऱ्या काकांना तो गळ सोडवायला तीन खेपा लागल्या. मासोळी डब्यात तडफडत होती तोवर ते पाठ करून उभे राहिले. मग डबा शांत झाला. "झालं काय बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो.

स्वयंपाकघरात देव होते, म्हणून मासे तिथं शिजवायचे नाहीत असं काकांनी ठरवलं. माझ्या खोलीच्या मागं तीन विटांची चूल मांडली. वेगळं जर्मनचं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी ताटली. मासोळी साफ करायला मी शिकवलं, पण रस्सा तेच करायचे. माझा हात लागू द्यायचे नाहीत. चव मात्र घ्यायचे नाहीत. माळ उतरवली तरी जिभेवर मासा ठेवला नाही. अंदाजानं सगळं टाकायचे, ताटली माझ्या खोलीत आणून ठेवायचे, काकूंना हात धरून आणून बसवायचे आणि दुकानात निघून जायचे. कारण काकूंची अट होती. "चाळीस वर्ष ज्याच्यासमोर नाई खाल्ली, त्याच्यासमोर आता खायले मले लाज वाटते. तुमी जा. पोरगी हाये माह्यापाशी." पोरगी म्हणजे मी.

पहिले आठ-दहा दिवस काकू खरंच खायच्या. काटे काढून अगदी बारीक तुकडा, रश्शात भिजवून, हळूहळू. एकदा खाता खाता त्यांनी डोळे मिटले आणि माहेरच्या घाटाच्या पायऱ्यांचं सांगत बसल्या. तो दिवस चांगला होता. असे दिवस थोडेच आले.

मार्गशीर्ष लागल्यावर एका सकाळी पहिलाच तुकडा परत आला. मग नुसता रस्साही. काकूंनी पदरानं तोंड पुसलं, ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "खाय." मी म्हणाले, काकांना सांगते, उद्यापासून करू नका म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं. आजारी बाईच्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"नाई सांगायचं. आमची पोरगी गेली सुरतेले, दुकानात आता रेडिमेडमुळे काम नाई. हा माणूस घरात बसला का माह्या तोंडाकडं पाहत राह्यते. मी श्वास घेतला का मोजते. मले मरायच्या आधीच मारून राह्यला तो पाहून पाहून. त्याले पाण्यावर जाऊ दे. तिथं त्याचं मन लागते."

"पण काकू, त्यांनी माळ उतरवली तुमच्यासाठी."

"म्हणूनच तर. आता मी खात नाई म्हटलं तर त्याचं काय राह्यलं हातात?"

मी ती मासोळी खाल्ली. आणि त्या दिवसापासून रोज खाल्ली. सकाळी साडेनऊला, शाळेत जायच्या आधी, समोर काकू बसलेल्या. शाळेत फळ्यावर लिहिताना माझ्या बोटांना वास यायचा. काकू मला एकेक विचारायच्या. तिखट कसं झालंय? मीठ? आंबट काय टाकलं? मासोळी कालच्यापेक्षा मोठी की लहान? मी सांगायचे ते सगळं नीट लक्षात ठेवायच्या आणि काका ताटली न्यायला आले की तेच त्यांना ऐकवायच्या. "आजचा रस्सा झकास होता. चिंच जरा कमी टाका." काकांचा चेहरा असा उजळायचा की मला खाली पाहावं लागायचं. मी फारशी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. पण तेव्हा मी त्या खोट्यात पोटभर जेवत होते, आणि खरं सांगायचं तर मासोळी चांगली असायची. त्याची मला आजही लाज वाटते.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. त्या सकाळी काकूंना उठून बसता येईना. काकांनी सायकल लावून टाकली. म्हणाले, आज जात नाही. काकूंनी डोळ्यानंच मला जवळ बोलावलं आणि मग त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "आज मले लय इच्छा होऊन राह्यली. मोठी आणजा." काका घुटमळले. माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी काहीतरी बोलू शकत होते. मी म्हणाले, "जा काका, मी आहे." ते गेले.

काकू साडेआठच्या सुमारास गेल्या. फार त्रास झाला नाही. माझा हात हातात होता. दोनदा दाराकडे पाहिलं, एवढंच. मी काकांना फोन लावला, पण धरणाच्या त्या बाजूला रेंज नसते. नवाच्या पुढे ते आले तेव्हा दारात माणसं जमलेली होती. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत तीन मासोळ्या. सायकल कुठं लावावी हे त्यांना सुचेना. ती धरून ते तसेच उभे राहिले. शेवटी शेजारच्या एका माणसानं सायकल त्यांच्या हातातून काढून घेतली.

दहाव्याच्या आत गल्लीत बोलणं सुरू झालं. बायको मरून राह्यली होती आन् हा मासे मारून राह्यला होता. कोणी म्हणालं, माळ उतरवली, देव कोपणारच. हे काकांच्या कानावर गेलं, आणि सर्वात वाईट म्हणजे त्यांना ते पटलं. "लोक काय खोटं बोलून राह्यले बाई? देवाले सोडलं आन् तिलेही सोडलं." मी चिडून म्हणायचे, काका, असं काही नसतं. ते मान हलवायचे. देवळातल्या महाराजांचा निरोप आला की प्रायश्चित्त घ्या, माळ पुन्हा घाला. काकांनी नाही म्हटलं. हरिपाठाला जाणंही बंद केलं. दुकान उघडायचे, मशीनसमोर बसायचे, कापड तसंच पडून राहायचं. काठी आणि माश्यांची डबी त्यांनी एका फेरीवाल्याला देऊन टाकली. कुठल्या, हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मी नऊ महिने गप्प राहिले. काकूंना शब्द दिला होता. पण काका दिवसेंदिवस वाळत चालले होते. जेवायला मी ताट लावून दिलं तर चार घास खायचे. दिवाळीच्या सुट्टीत गावी जायच्या आदल्या दुपारी मी दुकानात गेले. मनात पक्कं केलं होतं की आज यांच्या छातीवरचा धोंडा काढायचा. तुम्ही सोडून गेला नाहीत, तिनंच तुम्हाला पाठवलं, एवढं सांगायचं. पण एवढंच सांगता येत नाही, हे सांगायला लागल्यावर कळलं. एक दोरा ओढला की पुढचा येतो. मार्गशीर्षापासून काकूंनी एकही घास खाल्ला नव्हता, तेही सांगावं लागलं.

काकांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग विचारलं, "मंग कोण खाये?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"आन् मीठ बराबर आहे, चिंच कमी टाका, हे..."

"मी सांगायचे. त्या तुम्हाला सांगायच्या."

काकांच्या तोंडावर हसू आलं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. "तरीच," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत माह्या हातच्या कशालेच झकास नाई म्हटलं तिनं. मले वाटे, हे अशी एकदम गोड कशी झाली." ते खरंच हसत होते. मलाही हसू आलं, रडूही आलं, आणि मला वाटलं, बरं झालं सांगितलं, सुटला हा माणूस.

हसू ओसरलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमी तवाच सांगतलं असतं, तर मी घरीच बसलो असतो ना तिच्यापाशी. दोन महिने होते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. काकूंना तसं नको होतं, हे मी म्हणाले नाही. त्यांना ते माहीत होतं. त्या दोघांचे दोन महिने माझ्या पोटात गेले होते, आणि मी ते आता त्यांना मोजून दाखवले होते.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. काका स्टँडवर आले, बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. "पोचल्यावर फोन करा," एवढंच बोलले. मी अधूनमधून करायचे. माळ त्यांनी पुन्हा घातली नाही. तीन वर्षांनी सुरतेहून मुलीचा फोन आला की ते तिच्या घरी झोपेतच गेले.

गेल्या वर्षी माझी आई आजारी पडली. सुलतानपूरला, आमच्याच घरात. वडील पहाटे उठून तिच्यासाठी शेतातून ताजी भाजी आणायला जायचे, आणि आई ती भाजी गुपचूप शेजारच्या म्हशीला घालायची. मला हे तिनंच सांगितलं, आणि वर म्हणाली, "त्याइले सांगू नको. त्याइचा तेवढाच जीव रमते." मी तिच्या खाटेवरून उठले, सरळ ओसरीवर गेले आणि वडिलांना म्हणाले, "बाबा, आई खात नाही. उद्यापासून शेतात जाऊ नका, तिच्यापाशी बसा." वडील बसले. काय बोलावं ते दोघांनाही कळत नसे. दिवसचे दिवस ती भिंतीकडे तोंड करून आणि ते तिच्या पाठीकडे पाहत. आई माझ्यावर चिडली ती चिडलीच. शेवटच्या दिवशीही माझ्याशी बोलली नाही. हात मात्र तिनं बाबांचा धरला होता.